व्हय आणि होय

सांगली,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपा,

तुम्ही सगळे खुशाल असाल. उंब्रजची ऊसतोड आटोपली का? फोन करता आला असता, पण फोनवर मी स्वतःला सावरून घेत बोलते. म्हणून कागद घेतला.

दिल्लीच्या चमूत राजनंदिनीचं नाव नाही, हे तिने सांगितलं असेलच. कारण किती सांगितलं, ठाऊक नाही.

२७ जानेवारीला आमच्या कॉलेजात त्या चमूसाठी एमयूएनची, म्हणजे लुटुपुटूच्या संयुक्त राष्ट्रांची, निवडफेरी झाली. मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन वाटाघाटी करतात, तोच खेळ. मी एका नदीवरचे दोन काल्पनिक देश ठरवले. वरच्या, धरणवाल्या देशाची प्रमुख तुझी राजनंदिनी, खालच्या देशाची माझी ज्ञानदा. आईने मुलीची परीक्षा घेऊ नये, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. दोन्ही बाजूंना बंद पाकिटात गुप्त सूचना दिल्या. वरच्या देशाच्या पाकिटात होतं: उन्हाळ्यात जास्तीत जास्त अडतीस टक्के पाणी सोडा, त्यापुढे जाऊ नका.

सुरुवात मजेत झाली. ज्ञानदाने "माननीय प्रतिनिधी महोदया" करत लांबलचक प्रस्तावना केली, तर तुझी पोरगी म्हणाली, "आवं, आमच्या देशाकडं धरण हाय आन् तुमच्या देशाकडं नुसतं तोंड!" सगळा वर्ग हसला. दहाव्या मिनिटाला ज्ञानदाने मागणी केली. पस्तीस नाही, चाळीस नाही. अडतीस.

आकडा फुटला होता. मी फेरी थांबवली. सकाळी राजनंदिनी खालच्या देशाच्या शंभूराजशी जिन्यात बोलत होती आणि मला पाहून दोघं गप्प झाली होती, ते आठवलं. एवढ्यावर मी ठरवून टाकलं. तिला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं, "अडतीस तूच सांगितलंस ना?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "व्हय?"

मी प्राचार्यांच्या अहवालात लिहिलं: विद्यार्थिनीने 'होय' असे उत्तर देऊन चूक मान्य केली.

दीपा, साताऱ्याच्या होस्टेलात आपण तीन वर्षं एका खोलीत काढली. साखरेचा डबा तूच संपवलास असा मेसच्या बाईंनी आळ घेतला, तेव्हा तू "व्हय?" एवढंच म्हणालीस आणि त्यांचं तोंड बंद झालं. तुमच्याकडे तो शब्द असा सूर चढवून म्हटला की त्याचा अर्थ 'असं का?' होतो, हे मला पक्कं माहीत होतं. ऐकण्यात मी चुकले नाही. लिहिताना प्रश्नचिन्ह गाळलं आणि शब्द शुद्ध केला. त्या दिवशीच्या रोजनिशीत 'भाषेचा गोंधळ?' असं माझ्याच अक्षरात आहे.

परवा शंभूराजला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ती म्हणत होती, टाय नीट बांध रं, देश चालवायचाय, वरातीला न्हाई निघालास."

"मग मला पाहून गप्प का झालात?"

"तुमी आला की सगळीच गप्प हुत्यात."

राहिलं ते लिहिते. पाकिटं भरायच्या आदल्या दिवशी सूचनांचा कच्चा कागद दिवसभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. हे मला निवडफेरीतही आठवत होतं. संशय घरात शिरू नये म्हणून तो मी तुझ्या मुलीकडे वळवला.

काल ज्ञानदाला विचारलं. ती नाही म्हणेल अशी आशा होती. ती म्हणाली, "आई, तो कागद तू माझ्या ताटाशेजारी ठेवला होतास. मला वाटलं, मी वाचावा म्हणूनच ठेवलास."

मुद्दाम ठेवला नव्हता, असं इथे लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. दीपा, मला खरंच सांगता येत नाही.

आज सकाळी प्राचार्यांना लेखी दिलंय: अहवाल खोटा आहे, राजनंदिनीचं नाव घाला, ज्ञानदाचं काढा, निवडीचं काम माझ्याकडून काढून घ्या. ज्ञानदा आज डबा न घेताच कॉलेजला गेली. सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर मी राजनंदिनीची माफी मागणार आहे. त्याआधी तुला कळावं, म्हणून ही घाई.

हे तुझ्यासाठी लिहिलं की मला हलकं वाटावं म्हणून, याचाही संशय येतो. तुला आला तर तो चुकीचा धरणार नाही.

'तुझी' लिहायचं की नाही, ते तुझ्यावर सोडते.

चारुलता