पत्र काय, येईलच

९ फेब्रुवारी
राजीनामा दिला. काय हलकं वाटतंय! यार्डच्या गेटवर बसून कंटेनरचे नंबर टिपणं हे माझ्या लेव्हलचं काम नव्हतंच. काल गावातल्या एका हळदीत दयारामशेठनी चारचौघांत खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हरेश, माझ्या जागेवर नवीन वेअरहाउस येतंय, तिथं मॅनेजर तूच, पक्कं समज. आमच्यात हळदीत दिलेला शब्द म्हणजे रजिस्ट्री. शेठच्या हातात ग्लास होता, पण शब्द स्पष्ट होते.

१० फेब्रुवारी
घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता उठले. विचारलं, कागद हाय का हातात? जुन्या माणसांना कागदाचं फार. यार्डनं आमचं शेत घेतलं तेव्हा सातबाऱ्यामागे एक नोकरी दिली, ती ही. मी सोडली की त्याच सातबाऱ्यावरच्या पुढच्या नावाला जाणार, म्हणजे चुलतभाऊ भरतला. बाबा म्हणाले, ती नोकरी नाय, आपली जमीन हाय ती. फार इमोशनल होतात. मिळू दे की भरतलाही. मन मोठं लागतं.
स्नेहल काही बोलली नाही. बायकोला पटलं की ती गप्प बसते.

१४ फेब्रुवारी
नाक्यावर माझा फ्लेक्स लागला! ‘मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ गॉगलवाला फोटो. वर कोपऱ्यात दयारामशेठ. पोरांनी लावला असं सांगतोय. प्रिंटरकडे मीच उभा होतो, पण ते फोटो नीट यावा म्हणून.
शेठना व्हॉट्सअ‍ॅप केला. अंगठा आला. आता हे लेखीच झालं.

२३ फेब्रुवारी
लेटर नाही. मोठ्या कंपन्यांत प्रोसेस असते. शेठना फोन केला, मीटिंगमध्ये होते. मागून पत्ते पिसल्याचा आवाज. स्ट्रेस असतो माणसाला.
संकल्प: रोज इंग्रजी बोलणे. टाय घेणे.

२४ फेब्रुवारी
टाय घेतला. इंग्रजी उद्यापासून.

९ मार्च
यार्डातला शेवटचा दिवस. स्टाफनं केक आणला होता. भरत हजर. माझ्या खुर्चीत बसून त्याला काम मीच शिकवलं. साहेबांनी नवीन कंपनीचं नाव विचारलं. कॉन्फिडेन्शियल आहे म्हटलं. मलाही कुठे माहीत आहे?

३० मार्च
रोडपालीच्या ऑफिसात शेठ एकदाचे सापडले. म्हणाले, मॅनेजर पुण्याहून आणलाय. मग म्हणाले, हळदीतलं बोलणं रे ते, तू लगेच राजीनामा टाकलास? फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो काढायला सांगितला.
चहा मात्र पाजला. संबंध टिकले, हे महत्त्वाचं.

१ एप्रिल
यार्डच्या एचआर मॅडमना भेटलो. राजीनामा मागे घ्यायला मी तयार आहे, असं मोठ्या मनानं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या सातबाऱ्याची जागा भरली.
भरतला गाठलं. खाली बघून म्हणाला, दादा, मी सोडली असती, पन आये नाय म्हनते.
घरी बाबा म्हणाले, पयली कंपनीनं घेतली जमीन, आता तू देऊन आलास. आणि रडले. शेत गेलं तेव्हाही रडले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बाबांना वयामुळेही होतं असं.

२० एप्रिल
फ्लेक्स बाबांनी स्वतः उतरवला. कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय. माझं तोंड वरच्या बाजूला आहे. रंग अजून गेलेला नाही, क्वालिटी घेतली होती.
स्नेहल खारघरला एका घरी पोळ्या करायला जाते. टेम्पररी आहे.

१८ मे
यार्डात कंत्राटदाराला लोडिंगसाठी माणसं हवीत असं कळलं. नुसतं बघायला गेलो. टाय घातला नाही.
गेटवर भरत. माझ्या खुर्चीत, माझाच पेन कानावर. उठून उभा राहिला बिचारा. मग म्हणाला, दादा, नियम हाय, आणि गळ्यात ‘व्हिजिटर’चा पास अडकवला. म्हणाला, तिथं सावलीत थांब, बोलावतील.
तिथं म्हणजे जिथं आमचं खळं होतं तिथं. बाबा तिथं भात झोडायचे.
थांबलो. कुणी बोलावलं नाही.
संध्याकाळी निघताना पास परत करावा लागला.