आईची शपथ

यॅझू सिटी, ४ मार्च १९९१

चि. एमेट यास अ. उ. आ.

आईची साखर तीनशेच्या खाली येत नाही आणि पायाची जखम काळी पडलीय. पंधरा दिवसांत फरक नाही पडला, तर पाऊल कापावं लागेल म्हणतात डॉक्टर. केक, मध, सरबतं, सगळं मी फेकलं. चहासुद्धा बिनसाखरेचा. आता ती खाते फक्त तू कारखान्यातून पाठवलेल्या खोक्यातलं ‘चरबीमुक्त’: सीरियल, घेवड्याचे डबे आणि सगळ्यावर तो टोमॅटोचा सॉस. म्हणजे आईसाहेब चोरून गोड खातायत! काल चर्चच्या जेवणात मी बायकांसमोर तसं बोलले. तिनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, तरी मी कपाटाला कुलूप घातलं. लाडोबा, तुझं ऐकते ती. दोन शब्द सुनाव.

तुझी काळजीनं कावलेली ताई,
व्हर्लीन

डेटन, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मघाशी फोनवर ‘खोका फेकून दे’ एवढंच बोलता आलं. कारण सांगायला जीभ रेटली नाही. ताई, त्या सॉसमध्ये टोमॅटोपेक्षा साखर जास्त आहे. चरबी काढली की चव जाते, म्हणून सगळ्यातच ओततात. लेबलावर जास्त असेल ते आधी लिहावं लागतं. म्हणून मी साखरेची पाच नावं केली: मक्याचा पाक, काकवी, माल्ट, फळांचा अर्क, द्राक्षशर्करा. प्रत्येक थोडी थोडी, म्हणून टोमॅटो पहिला. या युक्तीवर मला बढती मिळाली. आई खोटं बोलत नाहीये. मला माझीच शरम वाटते.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.
एमेट

यॅझू सिटी, १ एप्रिल

चि. एमेट यास अ. उ. आ.

साखर उतरली. पाऊल वाचलं, तीन बोटं गेली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिनं ते मागून घेऊन बायबलात ठेवलं.

काल ईस्टर. चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे मनातलं सगळ्यांपुढे कबूल करायची वेळ आली. सगळ्यांसमोर तिची माफी मागायची, असं ठरवून मी उठणार, तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून तिनंच हात वर केला. म्हणाली, व्हर्लीनचं खरं होतं, मीच चोरून गोड खात होते, शपथ खोटी घेतली, देवा क्षमा कर. तुझ्या खोक्याचं नावही काढलं नाही. बायका मान हलवत राहिल्या. मला उठवेना.

येत्या रविवारी तू इथे हवास. तोवर माझी माया गृहीत धर.
व्हर्लीन