दुपारी तीनच्या बेरजा

सदर, नागपूर
६ जून १९८८

प्रिय विश्वनाथ,

खुशाली विचारत नाही. पुण्यात तू मजेतच असशील. इथे पारा शेहेचाळिसाला टेकलाय आणि माझं डोकं त्याच्याही वर आहे, तेव्हा हे पत्र बसून वाच.

गेल्या महिन्यात आपल्या कॉम्प्युटर केंद्राने नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल केला. गुण मी भरले, बेरजा कॉम्प्युटरने केल्या. परवा मौद्याहून देवाजी नावाचे गृहस्थ आले, बरोबर त्यांची मुलगी रुख्मिणी. चार गुणांनी तिची जागा हुकली होती. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरगी म्हणते पेपर चांगले गेले. मले यातलं काही समजत नाही बाई, तुम्ही एकडाव पाहून द्या." मी कागदावर बेरीज केली. एकशे अठ्ठेचाळीस. मशीनने छापले होते एकशे बत्तीस.

आपले मालक दत्तोपंत, त्यांनी यादी बघायच्या आधीच ठरवून टाकलं की ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. चार वर्षांत माझी एक चूक निघालेली नाही, पण मालकाला मशीनपेक्षा बाईवर संशय घेणं सोपं. मग मीच पेचकस घेतला आणि मशीन उघडलं. मशीनचा वेग ठरवणारं क्रिस्टल तू बदललेलं, आठ मेगाहर्ट्झच्या जागी दहाच्या वेगाने पळवणारं. शिवाय स्मृतीत चूक झाली की मशीन आपोआप थांबतं, ती सोयसुद्धा तू बंद करून ठेवलेली. सारखं थांबत असणार, आणि सगळ्यात वेगवान मशीन करून दाखवलं म्हणून पुण्याच्या नोकरीसाठी दत्तोपंतांकडून तुला शिफारसपत्र हवं होतं. जुनं क्रिस्टल तुझ्या खणात आगपेटीत सापडलं. ते बसवून दुपारी तीनला तीच यादी चालवली, बेरीज बरोबर आली. तुझं परत बसवून तीनदा चालवली. एकदा बरोबर, दोनदा भलतीच.

वेग वाढवायला माझी ना नव्हती, हे लक्षात ठेव. पण एकदम उडी कशाला? एकेक पायरी चढायची, तापतं किती ते हात लावून बघायचं, आणि भर मे महिन्यात, भर दुपारी, उत्तर ठाऊक असलेल्या बेरजा शंभरदा करून घ्यायच्या. तू तपासलंस जानेवारीत, सकाळी, अंगात स्वेटर घालून. नागपूरला जन्मलेल्या माणसाने हे करावं?

आणि शेजारी बसणाऱ्याला सांगायचं. एप्रिलमध्ये केंद्र सोडून पुण्याला जाताना तू कूलरचं तोंड माझ्या टेबलाकडे वळवून दिलंस, म्हणालास, दुपारी जास्त काम काढत जाऊ नकोस. टायपिंगच्या यमुताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मोठी काळजी आहे वं तुही त्याले." मी लाजले. दोन महिने त्या खसच्या वासात बसून मी खुळ्यासारखी खूश होते. ती हवा मशीनसाठी होती, विश्वनाथ. दुपारी ते चुकतं हे तुला पक्कं ठाऊक होतं. मला याचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

दत्तोपंतांना मी सगळं दाखवलं. ते म्हणतात, झालं गेलं विसर, केंद्राचं नाव जाईल. दुरुस्त यादी ते पाठवणार नाहीत. प्रवेश पंधरा तारखेला बंद होतात. आणखी किती मुलींच्या बेरजा चुकल्या ते मी रोज घरी कागदावर तपासते आहे. आतापर्यंत सात सापडल्या.

तुझ्या पत्रात तू विचारलंस, मागणी घालायला आई-बाबांना घेऊन कधी येऊ. त्याचंच उत्तर लिहायला बसले होते. सोमवारी, तेरा तारखेला ये. आई-बाबांना आणू नकोस. स्टेशनवरून आमच्या घरी न येता थेट प्रवेश कार्यालयात ये. अकरा वाजता देवाजी आणि रुख्मिणी तिथे येतील, मी दोन्ही क्रिस्टलं आणि कागद घेऊन येईन. काय केलंस ते त्या मुलीसमोर तू सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि मग तुझ्या मागणीला वेगळं उत्तर देण्याची गरज राहणार नाही.

सोमवारी अकरापर्यंत तुझीच,
सुमती