जीपच्या आवाजासकट इतिहास

प्रिय ताई,

काल तुझ्या संगणकावर मी एक सीडी तयार केली. एकट्याने, पडद्याशिवाय. हे जिला सांगावे अशी व्यक्ती एकच होती आणि ती आता नाही, म्हणून हे पत्र. पत्रे तू माझ्याकडूनच वाचून घेत असस; तेव्हा लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणतो आहे.

तुला शबाना आठवत असेलच. उंद्रीच्या पिंजाऱ्याची मुलगी, तुझ्यासारखीच जन्मापासून अंध, तुला थोरल्या बहिणीसारखी बाजी म्हणणारी, बी.ए.ला बाहेरून बसणारी. तू दिलेली इतिहासाची सीडी ऐकून ऐकून तिच्यावर चरे पडले आणि ती बंद पडली. तू गेल्यानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. "काकाजी, परीक्षा तोंडावर आली. बाजीच्या आवाजातली दुसरी सीडी हाय का?"

आहे, असे मी ठामपणे सांगितले. तुझ्या ध्वनिमुद्रणाची प्रत माझ्याकडे खामगावला होती. पण ती तशीच देणे मला पटेना. आपले भांडण तुला माहीतच आहे. मी रविवारी वडनेरला येऊन पुस्तक वाचायचो, तू ब्रेलमध्ये उतरवून घ्यायचीस आणि आठवडाभर स्वतःच्या आवाजात ते मुद्रित करायचीस. मी एकदा सुचवले होते, की सरळ माझेच वाचन मुद्रित केले तर तुझे श्रम वाचतील. तू काय म्हणालीस? "तू धडा वाचतो का पावती? पोरं झोपतीन, मधू."

आणि तुझ्या मुद्रणात काय काय असे! शेळी, भांड्यांचा आवाज, मृगाच्या तोंडावर बीटी बियाण्याची जाहिरात करत फिरणारी जीप. तिच्या कर्ण्यातून "बोंडअळीची चिंता सोडा" ऐकू येतेय आणि तू शांतपणे फ्रान्सच्या राजाचा खर्च वाचते आहेस. मी म्हणायचो, ताई, थांब, जीप जाऊ दे, पुन्हा घेऊ. "जाईन ते तिच्या रस्त्यानं. तू काऊन दम टाकून राह्यला?"

म्हणून या वेळी मी सर्व प्रकरणे स्वच्छ केली. प्रत्येक व्यत्यय कापला, मोकळ्या जागा जुळवल्या, आणि कापलेलीच प्रकरणे जुन्यांच्या जागी जतन केली. सीडी उंद्रीला पाठवली. असे निर्दोष काम माझ्या हातून क्वचितच झाले असेल.

दोनच दिवसांत शबानाचा फोन. "काकाजी, आवाज एकदम साफ हाय. पण ह्याच्यात बाजीचं घर नाही."

"म्हणजे अभ्यासाला अडचण काय?"

"मले सापडतच नाही काही. जीप गेली की क्रांतीची कारणं संपतात, मंग परिणाम लागतात. शेळी वरडली की नेपोलियन. मी तसंच पाठ केलं. आता परीक्षेत लेखनिकाले काय सांगू?"

 मजकुरातला एक शब्दही मी गाळला नव्हता, आणि तरी तिचे वर्ष माझ्या सीडीने धोक्यात आले होते. न कापलेली प्रकरणे आता फक्त तुझ्या संगणकात होती. मी वडनेरची बस धरली.

तिथे पोचल्यावर आठवले, की संगणकाचा पडदा तू शाळेला देऊन टाकला आहेस. "मले त्याचा काय उपेग? उगा इन्व्हर्टर खातो," असे म्हणून. त्याआधी, भारनियमनाच्या वर्षांत, सारे गाव अंधारात असे आणि तू बंद पडद्यापुढे बसून कळा दाबत असस. लोकांना वाटे, ताई बिघडलेल्या टीव्हीपुढे बसते. शेजारच्याकडून पडदा मागून आणता आला असता. का आणला नाही, ते मला नीटसे सांगता येणार नाही.

पूर्वी मी तुझ्या मागे उभा राहून सांगायचो, डाव्या कोपऱ्यात निळे बटण आहे बघ. त्यावर तुझा ठरलेला टोमणा, "निळं म्हंजे कोणती कळ, थे सांग. अन् चूप राह्य, मले ऐकू दे." काल प्रथमच त्याचा अर्थ कळला. तुझे ते बोलणारे सॉफ्टवेअर एका दमात इतके बोलते, की आपण श्वास जरी मोठ्याने घेतला तरी पुढचा शब्द निसटतो. तू प्रकरणांना दिलेली मराठी नावे ते साहेबी उच्चारात वाचते. टॅब, बाण, एंटर. चुकलो, मागे आलो, पुन्हा ऐकले. एकेक प्रकरण ओळीने निवडले. खणात कोरी सीडी एकच उरली होती. वीज गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला तर तीही वाया जाणार होती. टक्केवारी वाढत गेली तसा मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो. तू हे रोज करत होतीस, आणि वर चहा घेत होतीस.

सीडी झाली. नीट उतरली की नाही, हे पाहण्यासाठी पहिल्यापासून ऐकायला बसलो. सातव्या प्रकरणात दार वाजले आणि गल्लीतला नामदेव बोलला. "ताई, रेड्योवर कापसाचा भाव काय सांगतला वं?" तू वाक्य पुरे केलेस आणि मग त्याला भाव सांगितलास. तो म्हणाला, "तुह्या बिघडलेल्या सीड्या अजून हायेत का? पाखरं लय माजले."

शिवारात ज्वारी पेरणारा तो शेवटचा. पाखरे बुजावीत म्हणून तुझ्या वाया गेलेल्या सीड्या त्याच्या कणसांवर झुलत असत. कापसाच्या त्या भावाच्या आशेने पुढच्या हंगामात त्यानेही ज्वारीऐवजी बीटी लावली, बोंडे हाती आली नाहीत, बैलजोडी विकून तो सुरतेला गेला. त्याचे दार आज बंद आहे. त्याचा आवाज आता त्या एका प्रकरणातच आहे, आणि तो मी 'व्यत्यय' म्हणून कापला होता. तू मला तेव्हाच का नाही सांगितलेस, की हे सारे तू मुद्दाम ठेवतेस? की मुद्दाम नव्हतेच, तुला फक्त आल्यागेल्याशी बोलायचे होते?

शबानाचे वडील आज खामगावला येऊन सीडी घेऊन गेले. संध्याकाळी तिचा फोन आला.  तिने फोन यंत्राजवळ धरला. कर्णा वाजत होता, आणि मागे तू वाचत होतीस. मग ती म्हणाली, "आली काकाजी, जीप आली."

यंत्र बंद करून तिने विचारले, "तिसऱ्या वर्षाचं कोण वाचंल?"

ताई, ते मी वाचणार आहे. पुस्तके मागवली आहेत. दर रविवारी वडनेरला येईन, तुझ्या खुर्चीवर बसेन आणि सावकाश वाचेन. मध्येच कोणी आले, तर यंत्र थांबवणार नाही. "या, बसा," म्हणेन, काय हवे ते विचारेन, आणि मग पुढचे वाक्य वाचेन.

तुझा धाकटा,
मधू