शेवटचा तुकडा आणि राष्ट्राध्यक्षाची निवड

प्रिय इंगा आत्या,

सादर वंदन. ॲरिझोनाच्या उन्हात तुझा गुडघा आता वाकतो का, आणि शेजारीण अजून तुझ्या संत्र्यांवर डोळा ठेवून आहे का, ते सवडीने कळव. इकडे आयोवात बर्फ खिडकीला टेकलाय, बाबांचा खोकला बाबांसारखाच आहे (कोणाचं ऐकत नाही), आणि मी कालपासून प्रथमच पोटभर श्वास घेते आहे.

बाबांची अट तुला ठाऊक आहेच. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, तीही राष्ट्राध्यक्षपदाच्या अभ्यासातली. पुढे शिकायचं म्हटल्यावर बाबा दुकानात पेंडीच्या पोत्यावर बसून म्हणाले, "सिग्नी, चार वर्षं राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात ते शिकलीस. यंदा तुझी आत्या नाही, तर पक्षाचा उमेदवार ठरवायची गावची कॉकसची सभा तू चालव. धड पार पडली तर खुशाल जा. नाहीतर मार्चपासून गल्ल्यावर बस." (तू इतकी वर्षं ही सभा चालवलीस, तुला कोणी पदवी विचारली नाही, हे मला मान्य आहे.)

मी आठवडाभर नियमपुस्तक पाठ केलं. काल संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत उमेदवारांच्या नावाचे फलक लावले: गव्हर्नर ब्रॅडिश दाराशी, सिनेटर ऑक्सनर पायऱ्यांशी. डॉ. टॅनहिल यांचा फलक मात्र कुठे मावेना, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात लावला. (अख्ख्या परिसरात एकाही अंगणात त्यांच्या प्रचाराची पाटी नाही.) त्याच कोपऱ्यात वर्नाकाकूंनी टेबल मांडलं होतं: हॅम, चीज घातलेले बटाटे आणि रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई. त्याचा विचार मी केला नाही, कारण नियमपुस्तकात बटाट्यांचं प्रकरण नाही.

मी राज्यघटना लिहिणाऱ्यांपासून सुरुवात केली. ते जनतेला थेट मत द्यायला का कचरले इथवर पोचले, तेवढ्यात लॉइडकाका म्हणाले, "पोरी, ते सगळे वारले. कॉफी गार होतेय." मग मी भाषण आवरलं आणि सगळ्यांना आपापल्या उमेदवाराच्या फलकाखाली उभं राहायला सांगितलं. इथे मतपेटी नाही, आपलं मत आपल्या पायांनीच द्यायचं, ही मला या देशातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आणि आत्या, अर्धं गाव टॅनहिलच्या फलकाखाली गेलं. माझे डोळे भरून आले. खुर्चीवर चढून मी म्हणाले की आज या गावातली मुकी माणसं बोलली. बाबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "मुकी नाहीत गं. तोंडं भरलीत त्यांची."

तरी मला वाटलं, खाऊन होईल आणि हलतील. पण पाईचा एकच तुकडा उरला होता. आपल्याकडे शेवटचा तुकडा कोण घेतो? "तू घे." "छे, मला पुरे." मग कोणीतरी सुरी घेऊन अर्धा करायचं, उरलेल्याचा पुन्हा अर्धा. ताटात काही शिल्लक असताना टेबलापासून हलणं म्हणजे वर्नाकाकूंचा अपमान, म्हणून एकही पाय उचलेना. ऑक्सनरवाले ओरडू लागले की त्यांना हाकल. ब्रॅडिशवाले म्हणाले, मोजणीची वेळ झाली, मोज. नागरिकाने कुठे उभं राहायचं हे मी सांगू शकत नाही, आणि मोजलं तर टॅनहिल जिंकतात. मी पुस्तक उलटसुलट चाळत होते आणि डोळ्यांपुढे दुकानातल्या गल्ल्यामागचं ते डुगडुगणारं स्टूल दिसत होतं.

तेव्हा बाबा शांतपणे टेबलाशी गेले आणि उरलेला तुकडा बोटांनी उचलून, सगळ्यांदेखत, खाल्ला.

मग लॉइडकाका म्हणाले, "हार्लन, तुझी आई हे बघायला नाही तेच बरं." आणि सुटका झाल्यासारखे सगळे हात पुसून आपापल्या कोपऱ्यात गेले.

टॅनहिलच्या फलकाखाली वर्नाकाकू एकट्या राहिल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही आता बसा. "बसू कशाला? मी त्यांचीच आहे. इतक्या वेळात मला कोणी विचारलं का?" कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा. पंधरा टक्के माणसं नसली की तो गट मोडतो आणि त्यातल्यांना दुसरीकडे जाता येतं, त्यामुळे उरलेले दोन्ही गट काकूंभोवती जमले. काकूंनी जाहीर केलं, बटाट्यांची भांडी जो गाडीत ठेवेल त्याच्याकडे जाईन. ऑक्सनरवाले चपळ निघाले.

आकडे वर कळवले, ते तक्रारीविना स्वीकारले गेले. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "ऑगस्टमध्ये निघायचं ना? तुझ्या गाडीचे टायर बघायला हवेत."

तुझी,
सिग्नी

ता. क. चर्चमध्ये आज बाबांच्या हातात प्रसन्न मुद्रेने रिकामी ताटली देण्यात आली. हे बहुधा उन्हाळ्यापर्यंत चालेल.

ता. क. २. खरं म्हणजे पत्राचं कारण असं, की ऑगस्टपासून दुकानात बाबा एकटे असतील. तुझा गुडघा वाकत असेल तर येशील का? ते स्वतः विचारणार नाहीत. स्टूल मी दुरुस्त करून ठेवते.

ता. क. ३. बाबांनी आत्ता खांद्यावरून वाचलं. म्हणतात, तो तुकडा पोरीसाठी-बिरीसाठी खाल्ला नाही, मला भूक लागली होती, असं लिही. लिहिलं. पण आत्या, लहानपणी रुबार्ब ताटात आला की ते तो गुपचूप तुझ्या ताटात ढकलायचे, हे तूच मला सांगितलं होतंस.