घरच्यानं आधी बोलायचं

शनि. ५ जुलै
पहिली मॅच. ०-३. कॉलेजची टीम कसली, बालवाडी सुटलीय. जुने सगळे पास होऊन गेले, उरलीत ती फर्स्ट-सेकंड इयरची पोरं, मिसरूड नीट फुटलेलं नाही. कीपर बॉल आला की डोळे मिटतो. स्टॉपर स्वतःच्याच पायात पाय घालून पडला, फाउल मागत होता. केतकर म्हणे, "अहो, सीझन आत्ता सुरू झालाय, सेट व्हायला वेळ लागतो." पुण्याचा माणूस. व्हाइटफील्डहून एवढं ट्रॅफिक तुडवत हे बघायला येतो, त्याच्या अकलेबद्दल काय बोलायचं.

मग पंचनामा. शिट्टी वाजली तरी आम्ही बघ्यांनी ग्राउंडच्या पायरीवरून उठायचं नाही. बाय-टू कॉफी, एकात दोघं, सांगायची आणि कीपरपासून एकेकाला सोलायचं. कोच सर खालच्या पायरीवर बसून ऐकतात. ते स्वतः कॉलेजचेच जुने विद्यार्थी, पायरीवरच्या मंडळींना टरकून असतात. मूर्तिअण्णा पायरीवरचे सगळ्यांत थोरले. त्यांनी माझ्याकडे बघत त्यांच्या कानडी वळणाच्या हिंदीत नियम सांगितला: ज्याच्या घरचं पोरगं टीममध्ये, त्यानं त्याच्याबद्दल आधी बोलायचं. म्हणजे बाकीच्यांना भीड नको.

माझ्या घरचं म्हणजे रणू, थोरल्या ताईचा. कोल्हापूरहून स्पोर्ट्स कोट्यात आलाय, आमच्या महादेवपुऱ्याच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपतो.

म्हटलं, "लेफ्ट बॅक? मला तर तिथं अपार्टमेंटचा वॉचमन दिसला. येईल त्याला सलाम ठोकून गेट उघडत होता."

केतकरच्या नाकातून कॉफी आली. अण्णा म्हणाले, "सूपर, गुरू!" बरं वाटलं. खोटं का लिहू.

रवि. ६ जुलै
रणू अर्ध्या ताटावरून उठला. पोरं पायरीच्या मागंच कपडे बदलतात, सगळं ऐकू जातं. बायको, सुनीता, भांडी आपटत होती. "तुम्हाला काय गरज होती?" नियम आहे म्हटलं. "बोलायचा नियम आहे ना? का वॉचमन म्हणायचा पण आहे?" हिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

मंगळ. ८ जुलै
रणूनं विषय काढलाच. "मामा, मी फॉरवर्ड आहे. सरांनी पहिल्या दिवशी नुसता डावा पाय बघितला आणि मागं टाकलं. एकदा सांगा की त्यांना. तुमचं ऐकतात."

खरं आहे ते. गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून खेळताना बघितलाय त्याला. गोलकडे पाठ, छातीवर बॉल घेतला, वळला आणि दिला जाळीत ठेवून. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी खांद्यावर घेऊन नाचवला. माझ्या अंगावर काटा आला होता. मागं उभा करायचा गडीच नव्हे हा.

पण पायरीवर भाच्याची वकिली केली की मी संपलो. "पायरीवर नातं चालत नाही," म्हटलं.

"मग घरचा म्हणून आधी बोलता ते कसं चालतं?"

उलटं बोलायला शिकलाय.

शनि. १२ जुलै
१-१. आमचा गोल त्यांच्याच स्टॉपरनं केला, तरी आमची पोरं शर्ट काढून पळत सुटली. राइट विंगर क्रॉस मारतो की शेजाऱ्याच्या गॅलरीत बॉल टाकतो, कळत नाही. अण्णांच्या मते कीपर सुधारतोय. आता एकच डोळा मिटतो.

माझी पाळी आली तर सगळे माझ्याकडेच वळले. म्हटलं, "वॉचमनची प्रगती आहे. गेल्या वेळी गेट उघडलं, आज पाहुण्याला लिफ्टपर्यंत सोडून आला."

लई हसले. आता रणूकडे बॉल गेला की अख्खी पायरी ओरडते, "वॉचमन!" सेकंड हाफला समोरच्या टीमनंही उचललं. एकदा तर बॉल त्याच्या पायातून सुटला तेव्हा रेफ्रीही हसला. रणूनं वर बघितलं. मी कॉफीच्या ग्लासात बघितलं.

सोम. १४ जुलै
सरांनी पोरांना सांगितलंय: चौथी मॅच झाली की स्पर्धेची टीम पक्की. तीत नाव नाही त्याचा कोटा गेला. म्हणजे रणूची सीट गेली. भाऊजी आधीपासून टपूनच बसलेत, परत आला की टायरच्या दुकानात बसवणार.

ताईचा फोन. "कसा खेळतोय रे आमचा? मी रोज दिवा लावतो बघ त्याच्यासाठी."

बरा आहे म्हटलं. पायरीवर एवढं तोंड चालतं, ताईशी बोलताना दोन शब्दांच्या पुढं गेलं नाही.

बुध. १६ जुलै
ऑफिसात दिवसभर टेस्टिंग, डोकं मात्र शनिवारी काय बोलायचं यातच. लिफ्टच्या पुढं काय? सोसायटीची मीटिंग? मेंटेनन्स? केतकरचा मेसेज, "या शनिवारी काय घेऊन येताय?" जणू मी डबा आणतोय.

शनि. १९ जुलै
०-२. दोन्ही गोल रणूच्या बाजूनं. त्यांचा विंगर आला की हा आधीच मागं सरकतो, घाबरलेला. पहिल्या मॅचला असा नव्हता. चुकत होता, पण अंगावर जात होता. हे मला दिसलं, आणि तरी

तोंडातून निघून गेलं. "याच्या आईला फोन लावतो. म्हणतो, माल सदोष निघाला, पॅकिंगसकट परत घेऊन जा."

केतकर खदखदला. अजून दोघं-तिघं. अण्णा हसले नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाले, "माझा मुलगा पण इथं खेळत होता. माहीत आहे ना? मी पण असाच. फर्स्ट क्लास बोलायचो." मग म्हणाले, "आता कॅनडात असतो. फोन करतो, तिथलं हवामान सांगतो. स्वल्प जपून, हां." आणि गेले.

नियम काढणारे हेच. आता मला जपून म्हणतात.

रणू माझ्याबरोबर गाडीत आला नाही. बसनं गेला.

सोम. २१ जुलै
लंचमध्ये सरांचा फोन. "अंकल, रणजितला ड्रॉप करतोय. मला खात्री नव्हती, एखादी संधी द्यावी म्हणत होतो. पण तुम्ही घरचे असून असं म्हणता म्हणजे..."

एक वाक्य. सर, तो फॉरवर्ड आहे, पुढं खेळवून बघा. एवढंच. जिभेवर आलं होतं. म्हटलं, "सरी, सर, ठीक आहे. डिसिजन तुमचा."

फोन ठेवला आणि लाज वाटली. सपाटून वाटली. मग राग आला, तोही रणूचाच. स्वतः का नाही सांगत सरांना? तोंड नाही का? मग आठवलं, मलाच सांगितलं होतं त्यानं. मला.

गुरु. २४ जुलै
रणूनं इथल्या शिवाजीनगरला जाऊन बूट शिवून आणले. ड्रॉप झाल्यावर बूट कशाला शिवतात? विचारायची हिंमत झाली नाही. सुनीता त्याला दुसरी भाकरी वाढते, मला विचारतही नाही.

शनि. २६ जुलै
चौथी मॅच. ०-१. रणू येऊन पायरीवरच बसला, माझ्यापासून दोन माणसं सोडून. लेफ्ट बॅकला एक नवं पोरगं, भीतीनं पांढरं पडलेलं. पायरीनं त्याचंही नाव ठेवलं, लिहीत नाही.

पंचनामा. केतकर म्हणाला, "रणजित, तुझी जागा घेतलीय त्यानं. तूच बोल."

रणू उभा राहिला. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलला.

"टीममध्ये माझ्या घरचं कोणी नाही. पायरीवर आहे. त्याचं आधी बोलतो. पोझिशन, तिसरी पायरी. पळत नाही, घाम येत नाही, बॉल कधी अंगावर घेत नाही. तोंड मात्र फुल टाइम. मी कुठं खेळतो ते या अख्ख्या गावात एकट्या याला माहीत. डोळ्यानं बघितलंय. सरांनी मला मागं टाकलं तेव्हा हा काय बोलला? वॉचमन. माझ्या आईला फोन करणार होता, तो पण केला नाही. खरं तर वॉचमन हाच. फक्त यानं माझ्यासाठी गेट उघडलं नाही."

हशा झाला. मीपण हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, आणि ते थांबले तरी माझं थांबेना.

सर खालच्या पायरीवरून वळले. "कुठं खेळतोस तू?"

"फॉरवर्ड."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मी कसा सांगणार, सर? इथं नियम आहे. घरच्यानं आधी बोलायचं."

कोणी हसलं नाही. अण्णा ग्राउंडकडे बघत बसले. सर म्हणाले, "सोमवारी सकाळी प्रॅक्टिसला ये. नावं दुपारी जाणार आहेत." रणू हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बूट उचलून निघाला.

रवि. २७ जुलै
ताईचा फोन रणूनंच घेतला. मी किचनच्या दारात. ताई विचारत असणार, मामा काय म्हणतो? हा म्हणाला, "मामा? मामा लई बोलतात माझ्याबद्दल." आणि माझ्याकडे बघत राहिला. पुढं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माफ कर म्हणायला हॉलमध्ये गेलो. "चहा घेणार?" म्हणालो. "नको" म्हणाला.

सोम. २८ जुलै, सकाळ
उठलो तर हॉल रिकामा. गादी घडी करून भिंतीला लावलेली. रॅकवर चपला आहेत, बूट नाहीत. पण बॅगही नाही, मोठी, येताना आणलेली. प्रॅक्टिसला एवढी बॅग लागत नाही. आणि घरी निघालेला माणूस बूट पायात घालत नाही. की घालतो? मॅजेस्टिकच्या स्टँडवरून सकाळीही गाड्या आहेत कोल्हापूरला.

सुनीताला माहीत असावं. सांगत नाही. "तुम्हीच बोला की, तुम्ही घरचे," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

रणूला फोन लावला, उचलत नाही. सरांना लावायचा, तर रणू तिथं आलाच नसेल तर काय सांगू. ताईला लावायचा, तर तिला अजून काहीच माहीत नाही. ऑफिसची कॅब खाली हॉर्न देतेय. फोन हातात घेऊन बसलोय.