जिथे सगळेच लंगडतात

प्रिय आचल,

फोन केला असता तर नुसती भांडले असते, म्हणून लिहायला बसले.

अकोल्याच्या बागेत झाडाझाडांतून दोरावर चालायचा नवा खेळ लागलाय, ये, म्हणालीस आणि मी अमरावतीहून सकाळचीच बस धरली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टे. पहिल्या दोरावर पाय ठेवला आणि मी खालीच पाहत राहिले. मागून तुझा चुलतदीर श्रावण म्हणाला, "खाली नोका पाहू, समोरच्या झाडाकडं पाहा." मग मी खाली पाहिलंच नाही. दोर हलत होता, मागे श्रावणही हलत होता, पुढची शाळकरी पोरंही वेडीवाकडी होत होती. कळायला लागल्यापासून पहिल्यांदा मी सगळ्यांसारखी चालत होते. पलीकडे पोचल्यावर खूप हसले, श्रावणही हसला. तो मला आवडला, हे बसमध्ये चढताना तुला सांगणार होते. बरं झालं, नाही सांगितलं.

खाली बाकावर संत्री सोलत एक बाई वर बघत होत्या. तू म्हणालीस, शेजारच्या आहेत. काल त्याच बाईंचा आईला फोन आला. श्रावणची आई, पार्बताबाई! "पोरगी पसंत हाये आमाले. दोरावरून चालत गेली जी. पायात खोट हाये असं लोकं कावून सांगतात?" आई आनंदानं रडली. मी ओट्याला धरून उभी राहिले. श्रावणला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या वर्षी धामणगावच्या पाहुण्यांनी पोहे खाऊन झाल्यावर मला 'जरा चालून दाखव' म्हटलं होतं. लहानपणी मोडलेला डावा पाय थोडा आखूड बसलाय, तेवढं त्यांना पुरलं. त्या दिवशी तुझ्याकडे येऊन रडले. आता कुणासमोर चालून दाखवणार नाही, म्हणाले. तू माझी शपथ घेऊन म्हणालीस, 'यापुढे तुला कुणी तसं म्हणणारच नाही.' खरंच, कुणी म्हणालं नाही. मला न सांगताच चालवलंस. आणि जागा तरी कशी हुडकलीस, जिथे सगळेच लंगडतात. माझ्या भल्यासाठीच केलंस, हे मला कळतं गं, आणि त्याचाच जास्त राग येतो. धामणगावच्यांनी निदान माझा पाय पाहून नकार दिला. तू त्याला लपवायची गोष्ट ठरवलंस. मला इतकी वर्षं वाटायचं, तुला तो दिसतच नाही.

रविवारी मी पार्बताबाईंकडे जाणार आहे. फाटकापासून ओसरीपर्यंत, सगळ्यांदेखत, एकटी चालत. श्रावणने नीट बघावं आणि मग काय ते सांगावं. आईला हे मुळीच पटलेलं नाही, तिचं मी बघून घेईन. तू मात्र त्या दिवशी तिथे येऊ नकोस, एवढंच सांगायला हे पत्र. त्यांचा नकार मला सोसेल. पण तुझ्यासमोर चालायची आता मला लाज वाटेल.

कालपर्यंत तुझीच,
गीतांजली